आडवाटेची धमनी

समस्त जामसंडेवासीयांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अस्मादिकांच्या हृदयाची एक धमनी, जी डावीकडून निघायला हवी, ती उजवीकडून निघते.

अशी दवंडी मी पिटली नव्हती. तरी अँजिओग्राफी करून घरी आलो आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पहिल्या दोन-चार जणांना मी उभा राहून, हातवारे करून सगळा खेळ दाखवला. मग दमलो. पुढच्यांना बसून सांगितलं, त्यांच्या पुढच्यांना आडवा पडून.

"शीर उलटी बसवल्यानी काय रे?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"बसवल्यानी न्हय, काका. जल्मापासून आसा."

आई तेव्हा चहा घेऊन दारात आली होती. तिने कप ठेवले आणि मागल्या दारी जाऊन बसली. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं.

"आये, दोन घास खा गो."

"माज्यामुळा झाला ता," एवढंच म्हणायची. काय झालं, कसं झालं, विचारलं की तोंड फिरवायची. छातीत दुखलं माझ्या, सुकत चालली ती. तिची समजूत घालता घालता मी आणि बायको दोघंही थकून गेलो. माझे विनोदसुद्धा थकले.

ती धमनी पुढे कुठून जाते ते बघायला स्कॅन झाला. रिपोर्ट ऐकायला आईही हट्टाने आली. डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं, बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली.

"धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मध्ये सापडली असती तर काळजी होती. ही मागून वळसा घालून जाते. दुखणं पित्ताचं."

मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच आई रडायला लागली.

"डॉक्टरांनू, हो पोटात व्हतो तेवा गिराण लागलला. सासू नको म्हणत व्हती, तरी मी बांगडे चिरललंय."

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ग्रहण! मला हसू आलं, ते दाबून मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही. हृदय तपासायला येणाऱ्या मोठ्या माणसांत अशी वेगळ्या वाटेची धमनी अधूनमधून सापडतेच. शंभरात एखाद्याची धरा. बहुतेकांना तर जन्मभर पत्ताही लागत नाही. बाहेर बसलेल्यांतसुद्धा कुणाची असेल."

आईने पदराने डोळे पुसले. वळून त्या बाकांकडे नीट, एकेकाकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हंजे ह्यांच्या आवशींनीव गिराणात बांगडेच चिरल्यानी?"