चाकाखालचं लिंबू

चाकाखाली फुटलेल्या लिंबाचा वास आला की आजही माझे कान लाल होतात. कॉलेजात असताना बंगळुरूच्या येलहंकात एका आजोबांची जुनी गाडी घ्यायला मी मित्रासोबत गेलो होतो. आजोबा शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलत होते, म्हणून मी त्यांच्यासमोरच मित्राला ऐटीत मराठीत म्हणालो, “डबा आहे रे! पण म्हातारा भोळा दिसतोय, अजून घासाघीस कर.” आजोबांनी खरंच किंमत उतरवली. मग चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं आणि किल्ली देताना मराठीतच म्हणाले, “स्वल्प हळू चालवा हं. आमच्या हिचा फार जीव होता या डब्यावर.” त्यांनी आधी सांगितलेली किंमतच द्यावी, निदान माफी तरी मागावी, असं तेव्हा मनात आलं होतं, अगदी खरं सांगतो, पण मी नुसती गाडी सुरू केली आणि चारही लिंबं फुटली.