बाविसावी जागा

मरणाला टेकलेल्यांना घरी जाऊन सांभाळायचं, ही सिस्टरची नोकरी. एका वेळी बावीस पेशंट. तेविसावा घ्यायचा नाही, मग तो तडफडो. ऑफिसातल्या फळ्यावर वर बावीस नावं, खाली रांगेतली. वरचं एक पुसलं की खालचं एक चढतं. पुसायच्या वाटा दोनच: माणूस गेला तर, नाहीतर तीन महिन्यांच्या तपासणीत बरा दिसला तर. बरा दिसला की मॉर्फिन बंद. मॉर्फिनमुळेच तो बरा दिसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. नियम करणाऱ्यांना कळत नाही, कारण कण्हणारा त्यांच्या घरात नसतो.

चौदा वर्षांत सिस्टर खमकी झाली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी ती घरोघर तालीमच घ्यायची. "दाढी करायची नाही. उठून बसायचं नाही. कसं वाटतं विचारलं की डोळे मिटायचे." तिचं एकही नाव असं पुसलं गेलं नव्हतं.

टेलरकाका मात्र हट्टी. कॅन्सर हाडांत उतरलेला, पण इस्त्रीशिवाय शर्ट नाही.

"आयुष्यात कधी खोटं माप घेतलं नाही मी, सिस्टर."

"माप नका घेऊ, काका. मेल्यासारखं पडून राहा."

"त्याची कसली तालीम? एकदाच करायचंय, जमेल."

सून हसली. सिस्टर नाही हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा काका मुकाट पडून होते. सुनेनं शपथ घातली होती. डॉक्टरांनी नाडी धरली. काकांनी एक डोळा किलकिला केला. डॉक्टरांच्या बाहीचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं.

"असं घेऊन हिंडता?"

सिस्टरनं चादरीखालून पायाला चिमटा काढला. पण सुईला सरावलेला हात कुणाच्या बापाचं ऐकतो? काका उठून बसले, उशाखालचा डबा काढला, चष्म्याशिवाय एका फटक्यात सुई ओवली, बटण लावलं, दोरा दातानं तोडला.

"वा!" डॉक्टर मनापासून खूश झाले. त्याच बाहीच्या हातानं त्यांनी सही केली. प्रकृती स्थिर, सेवेची गरज नाही.

"अहो, हे औषधामुळे..."

"रांगेत नऊ जण आहेत, सिस्टर. कुणाचा हक्क मारायचा?"

चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. मागून येणारा आवाज सिस्टरला आधी माणसाचा वाटलाच नाही.

"एक गोळी तरी आणा हो!"

गोळ्या कुलपात, फळ्यावरच्या वरच्या बावीस नावांवरच निघायच्या. सिस्टर ऑफिसात गेली, टेबलावर हात आपटले, आईबहिणीवर आली. काकांना परत वर घेतलं नाही, पण रांगेत पहिलं आणलं. आता फक्त कुणीतरी जायला हवं होतं.

सगळ्यात थकलेली होती एक म्हातारी. सिस्टर तिच्याकडेच आधी गेली. मुलानं हसत दार उघडलं. "सिस्टर, आईनं आज स्वतःच्या हातानं खाल्लं!"

सिस्टरनं नाडी धरली. छान लागत होती.

"अजून किती दिवस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मुलाचं हसू जागीच विझलं. म्हातारीनं डोळे उघडले, सिस्टरकडे नीट बघितलं.

"कुणी खोळंबलंय का गं माझ्यापायी?"

"हो," सिस्टर म्हणाली.