सुरती शिवी

लोटू माणसं पुरवायचा. सुरतेच्या नवागाममध्ये कुणाचा कापडाचा लूम बंद पडला, कुणाला शेठनं काढून टाकलं, की तो लोटूच्या दारात येई आणि दुसऱ्या दिवशी ओलपाडकडच्या एखाद्या केळीच्या बागेत उभा दिसे. त्या बागांचे मालक सगळे म्हातारे. मुलं अमेरिकेत नाहीतर लंडनला, आणि गावात उरलेली पोरं इच्छापोरच्या कारखान्यांत कंत्राटावर. चिखलात पाय घालायचा म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. लोटूच्या स्वतःच्या गावात, खानदेशात रावेरकडे, हीच गत होती, कारण तिथली पोरं सुरतेत होती. या उफराट्या कारभाराचा लोटूनं कधी विचार केला नाही. विचार करत बसलं तर टेम्पो कोण भरणार?

ठाकोरभाई त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वय ऐंशीच्या घरात, कंबर वाकलेली, पण तोंड म्हणजे वाहतं गटार. शिवी दिल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा मागता येत नसे. अस्सल सुरती माणूस. आवडत्याला आईवरून शिवी द्यायचा, फार आवडत्याला बहिणीवरून. आता खानदेशी माणसाला आईवरची शिवी म्हणजे डोक्यात दगड. म्हणून लोटूनं एक रीत पाडली होती. नवा माणूस आणला की त्याला बांधावर उभं करायचं, आधी स्वतः पुढं होऊन म्हाताऱ्याच्या दोन शिव्या खायच्या, पोट धरून हसायचं आणि मग मागं वळून सांगायचं, "आयकं का? हाई शिवी नही. हाऊ त्याना रामराम शे."

त्या दिवशी मात्र ही रीत राहून गेली. व्यापाऱ्याचा ट्रक येऊन उभा, घड उतरवायला माणसं कमी, म्हणून लोटूनं स्वतःच्या भाच्यालाच अंथरुणातून उठवून आणलं होतं. धर्मेंद्र, शोभाबाईचा एकुलता एक. शोभाबाई म्हणजे लोटूची सख्खी बहीण. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. पोराच्या भादरलेल्या डोक्यावर आता कुठं खुरटे केस फुटत होते. तो डोक्याला रुमाल गुंडाळून आला होता, त्यामुळं ठाकोरभाईला काही कळायचा प्रश्नच नव्हता. आणि घरच्या पोराला काय शिकवायचं, असं लोटूला वाटलं. जगाला शहाणपण सांगत फिरायचं आणि घरच्याला कोरडं ठेवायचं, ही आपली जुनी खोड.

"लूम कापवानी छे," ठाकोरभाई म्हणाला. गुजरातीत केळीच्या घडाला लूम म्हणतात. आयुष्यभर मागावर उभी राहिलेली माणसं त्यावर हसली, धर्मेंद्र हसला नाही. एकानं घड कापला, तो धर्मेंद्रनं खांद्यावर घेतला आणि चार पावलांत तो निसटून बांधावर आपटला. केळी फुटली.

ठाकोरभाई चिखल तुडवत आला. "हाळा, तारी मायनी..." अशी सुरुवात करून त्यानं धर्मेंद्रच्या आईला जिथं नेऊ नये तिथं नेलं, आणि वर पोराच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. लोटू सवयीनं मोठ्यानं हसला.

धर्मेंद्रनं शेजारच्याच्या हातातला कोयता हिसकावून फिरवला. पातं उलटं होतं म्हणून म्हातारा वाचला. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं आणि तो केळीच्या बुंध्यावर कोसळला. धर्मेंद्र कोयता टाकून त्याच्या छातीवर बसला आणि मुठींनी मारत सुटला. म्हाताऱ्याची कवळी चिखलात पडली तरी तो थांबेना. लोटूनं मानगूट धरून त्याला ओढलं, तेव्हा त्यानं मामालाही ढकलून दिलं.

आरडाओरडा गावात पोचला आणि बघता बघता पंधरा-वीस जण मोटरसायकलींवर आले. घड उचलायला या गावात माणूस मिळत नाही. माणूस मारायला मात्र एवढे हात कुठून निघाले, कोण जाणे. त्यांनी धर्मेंद्रला लाथांनी तुडवला. रुमाल सुटला, नाक फुटलं, एक दात गेला. नवागामची माणसं टेम्पोच्या आड गेली. मग एकानं चिखलातला कोयता उचलला. "कापी नाखो," मागून कुणीतरी म्हणालं.

मध्ये पडलो तर दोघेही मरू, हे लोटूला स्वच्छ दिसत होतं. केळीला टेकू दिलेला बांबू त्यानं उपटला आणि गर्दीत घुसला. "खसो! मारो भाणियो छे. हुं मारीश." भाचा माझा, मारणार मीच. पोरं बाजूला झाली. मामा भाच्याला कसा मारतो, हे त्यांना बघायचं होतं. खोटं मारून चालणार नव्हतं, म्हणून लोटूनं खरं मारलं. पाठीवर, मांड्यांवर, पुन्हा पाठीवर. धर्मेंद्रनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, त्यावर बांबू बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोयतेवाल्यानं कोयता खाली टाकला.

तेवढ्यात कपाळाला पंचा दाबून ठाकोरभाई उठला. "तमारो बाप आवहे लूम कापवा?" तो गावच्या पोरांवर ओरडला. घड कापायला काय तुमचा बाप येणार? पोलीस नको, काही नको, निघा इथून. पोरं कुरकुरत गेली. मग तो लोटूकडे वळला, मोडलेल्या हाताकडे बघून त्याला खरंच वाईट वाटलं असावं. बोळक्या तोंडानं म्हणाला, "लोटिया, तारी बेननी... हाथ भांगी नाख्यो? हवे काम कोण करहे?" हात मोडलास, आता काम कोण करणार?

म्हाताऱ्यानं माफ केलं. भाचा वाचला. लोटू चिखलात बसला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याला हसू आलं.

मोडका हात पोटाशी धरून धर्मेंद्र त्याच्याकडे बघत होता. रक्त थुंकून तो हळूच बोलला.

"त्यानी आधी मन्ही मायले शिवी दिन्ही, मंग तुन्ही बहीनले. दोन्ही डाव शोभाबाईच व्हती, मामा. तू दोन्ही डाव हासना."