निधनवार्तेतली नावं

सीव आणि स्तूरे सत्तावीस वर्षं एका छताखाली राहत होती. लग्न तेवढं केलं नव्हतं. आमच्या हर्नोसांद गावात निम्मे संसार असेच चालतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाटायचं ते फक्त स्तूरेच्या आईला, इंगेयेर्दला.

एकदा दवाखान्यात नर्सने सीवला विचारलं, "या कोण तुमच्या?"

सीव बोलून गेली, "सासूबाई."

म्हातारी तिथल्या तिथे म्हणाली, "सासू व्हायला लग्न लागतं, बाई. मी स्तूरेची आई."

तेव्हापासून सीवने तिला हाक मारणंच सोडलं. "कॉफी घेणार ना?", "गोळ्या झाल्या का घेऊन?" असं बिनहाकेचं बोलून तिने भागवलं. शेवटची नऊ वर्षं म्हातारीचं न्हाणंधुणं, दुखणीखुपणी, कुरकुर, सगळं हिनेच निस्तरलं. पोटची लेक गुनवोर नाताळात केक घेऊन उगवायची, आणि तो कापायच्या आधीच घड्याळ बघायची.

म्हातारी ब्याण्णवाव्या वर्षी गेली. दुसऱ्या दिवशी स्तूरे, गुनवोर आणि सीव अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत बसली, पेपरातली निधनवार्ता ठरवायला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाखाली घरच्यांची नावं येतात, एकेका ओळीत एकेक जोडी. सारं गाव ती वाचतं, कुणाला घेतलंय आणि कुणाला गाळलंय ते बघतं.

"'गुनवोर आणि बेंग्त'," कचेरीतल्या बाईने लेकीचं आणि जावयाचं नाव लिहून घेतलं. "पुढे? 'स्तूरे आणि...'"

गुनवोर चष्मा पुसत म्हणाली, "आईला ते आवडलं नसतं. शेवटी वार्ता तिची आहे."

सीवला मागून घ्यायचं नव्हतं. 'आणि सीव' एवढे दोनच शब्द, पण ते स्तूरेच्या तोंडून यावेत असं तिला फार वाटत होतं.

स्तूरे खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नुसतं स्तूरे लिहा. सीवला असल्या गोष्टींचं काही नसतं. समजूतदार आहे ती."

सीवला रागसुद्धा आला नाही. नऊ वर्षांचा शिणवटा तेवढा एकदम जाणवला.

बाईने पुढचा कागद ओढला. "आईंच्या अंगावर घालायचे कपडे उद्या सकाळी लागतील. कोण आणून देईल?"

"सीव," भाऊ-बहीण एकदमच म्हणाली.

सीवने पर्समधून म्हातारीच्या घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"निळा झगा कपाटात डावीकडे आहे. पाठीची चेन अडकते, जरा सांभाळून लावा," ती म्हणाली. "मी नाही आणणार. हे घरच्या माणसांचं काम."

कोट घालून ती बाहेर पडली. जायचं स्तूरेच्याच घरी होतं, दुसरीकडे कुठे जाणार?