सासूबाईंचं कुलूप

सॉ ग्युकच्या सासूबाईंबद्दल पेनांगच्या किंबरली स्ट्रीटवर आजही कोणी बरं बोलत नाही. बोलणारेच फारसे उरले नाहीत म्हणा. पण जे उरलेत ते सांगतात, ती बाई नाकावर माशी बसू देत नसे, आणि बसलीच तर माशीला पस्तावायला लावत असे. अशा बाईसाठी सॉ ग्युक साठ वर्षं दर साली, दहाव्या चांद्रमहिन्यात, टेबल भरून जेवण मांडत आली. बदक, चिंचेच्या आंबटातला मासा, डुकराच्या मांसाचा रस्सा, भाताच्या दोन वाट्या आणि जेवायच्या काड्यांचे दोन जोड. एक जोड सासऱ्यांचा, दुसरा सासूबाईंचा. दोघं गेली वेगवेगळ्या साली, पण तिथी एकच.

ती तिथी एक कशी झाली, त्यात सगळी गोष्ट आली.

तेव्हा सॉ ग्युकच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पोटात बून तैक होता. सकाळपासून सासऱ्यांच्या श्राद्धाची गडबड चालली होती. श्राद्धाला हुआत कुए हवाच. तांदळाच्या पिठाचा हा वाफवलेला गोड गोळा. माथा फुटून पाकळ्या उमलल्या तर घराची भरभराट, नाही फुटला तर तोंड लपवा. सॉ ग्युकने झाकण काढलं तर कुए आपले गुळगुळीत टकलासारखे बसलेले.

"हे काय वाफवलंस गं? दगड?" सासूबाई कडाडल्या. "माझा नवरा बोळक्या तोंडाने मेला, आणि त्याला तू हे वाढणार? माहेरी काय फक्त गजरे माळायला शिकवलं?"

"खमीर जुनं होतं, आई."

"खमीर जुनं, जातं जड, आणि सून तेवढी शहाणी! तांदूळ परत दळायला घे. मी चौरस्ता बाजारातून ताज्या खमिराच्या गोळ्या आणते. आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ!"

सुनेच्या पावलावर भरवसा नव्हता म्हणून त्यांनी बाहेरून दाराला कुलूप घातलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला आणि निघाल्या.

थोड्या वेळाने विमानांची घरघर आली. उत्तरेला किनाऱ्यावर जपानी उतरल्याची बातमी होती, पण आमच्या पेनांग बेटाला काय होतंय! विमानं गोऱ्यांचीच असणार म्हणून अख्खा रस्ता जत्रेला निघाल्यासारखा बाहेर आला. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या स्टुलांवर, न्हावी वस्तरा हातात घेऊन. शेजारच्या पोह चूने दारावर थापा मारल्या.

"ग्युक, ये की गं बाहेर! केवढी चकाकतायत! एका रांगेत कशी चाललीत बघ!"

"कुलूप लावलंय गं म्हातारीने!"

"अगंबाई! मग बस पीठ खात!" पोह चू हसत पळाली.

सॉ ग्युकने दार गदागदा हलवलं. रडली. सासूबाईंना तिने जी लाखोली वाहिली, ती पुढे तिने कोणाला सांगितली नाही. मग जमीन हादरली, कौलं खाली आली, आणि ती पोट धरून जात्यामागे अंगाचं मुटकुळं करून बसली. बाहेरचा कल्ला एकदम थांबला. नंतर जो सुरू झाला, तो वेगळाच होता.

दार उघडलं ते संध्याकाळी, तिच्या नवऱ्याने. त्याच्या हातात आईच्या किल्ल्यांचा जुडगा होता. बाजाराजवळ रांगेने ठेवलेल्या माणसांत त्याने आईला त्या जुडग्यावरूनच ओळखलं होतं. पोह चू तर घरापासून चार दुकानांवर सापडली.

पुढे गोरे आपल्या बायकापोरांना घेऊन गुपचूप बेट सोडून गेले, जपानी आले, तांदूळ दिसेनासा झाला. बून तैक टॅपिओकाच्या कंदांवर वाढला आणि तरीही अंगाने भरला. सॉ ग्युक नवं खमीर करून कुए फुलवायला शिकली ती शिकलीच. दर वर्षी ती पाकळ्यापाकळ्यांचा कुए सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवी आणि म्हणे, "बघा, फुलला." मग दोन जुनी तांब्याची नाणी टाकून विचारी: जेवलात का? एका नाण्यावर राजाचं तोंड आणि दुसऱ्यावर आकडा आला की 'हो', आणि मग घरच्यांनी जेवायचं. सासूबाई पहिल्याच फेकीला 'हो' म्हणत. जिवंतपणी एवढ्या लवकर त्या कशालाच हो म्हणाल्या नव्हत्या.

यंदा मात्र सॉ ग्युकचे हात थरथरायला लागले, पळी धरवेना. बून तैक, आता साठीचा, म्हणाला, "आई, पुरे झालं. आजी-आजोबांच्या नावाच्या लाकडी पाट्या देवळात ठेवू. तिथले लोक रोज उदबत्ती लावतात."

"देवळात? शंभर परक्यांच्या गर्दीत? तुझ्या आजीचं तिथे कोणाशी पटायचं?"

शेवटी ठरलं ते असं: नातसुनेने, वाय फोंगने, सगळं रांधायचं. सासूबाईंनी ते गोड मानून घेतलं तर त्या घरी राहतील, नाहीतर देवळात. वाय फोंग इपोह गावची, हौशी, पण कुए तिने जन्मात केला नव्हता. सॉ ग्युक खुर्चीत बसून सांगत होती आणि मनातून घाबरली होती. त्या बाईला घराबाहेर काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

वाय फोंगने झाकण काढलं. कुए गुळगुळीत, टकलासारखे.

पोरीचा चेहरा पडला. आजेसासूला ती आमा म्हणे. "आमा, खमीर जुनं असेल. मी पटकन चौरस्ता बाजारात जाऊन ताजं आणते. आलेच!" छत्री घेऊन ती जाळीच्या दाराशी पोचलीही.

सॉ ग्युक उठली कशी आणि तिथवर गेली कशी, ते बून तैकला कळलं नाही. तिने नातसुनेचं मनगट धरलं, तिला आत ओढलं, जाळीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"बाजारात जायचं नाही."

"पण आमा, हे न फुललेलं..."

"फुललं नाही तर नाही. आज बाजारात जायचं नाही म्हणजे नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. मग तिने तो दगडासारखा कुए बशीत घेतला आणि तसबिरीपुढे ठेवला.

"आई, हे अशुभ आहे," बून तैक कुजबुजला. "दुकानातून चांगला मागवू."

"तू गप्प बस."

तिने नाणी टाकली. दोन्हीवर राजाचं तोंड. नाही.

वाय फोंग रडायच्या बेतात होती. सॉ ग्युकने नाणी उचलून मुठीत धरली आणि तसबिरीकडे बघितलं.

"आई, इतकी वर्षं मी तुम्हाला फुललेला कुए दाखवत आले. जिरवायचीच होती तुमची, दुसरं काय! पण माझा कुए तेव्हा फुलला असता, तर तुम्ही कुलूप लावलं नसतं. मी पोह चूबरोबर रस्त्यात उभी असते, हा पोटात घेऊन. तुम्ही मला कोंडलंत म्हणून मी आहे. म्हणून हा आहे, त्याची पोरं आहेत, ही पोर या घरात आली आहे. हे तोंडाने कधी म्हटलं नाही, आज म्हणते. तुमचे फार उपकार आहेत, आई. आता जेवा. न फुललेलाच आहे, पण जेवा."

नाणी जमिनीवर घरंगळली. एक राजा, एक आकडा.

वाय फोंगने टाळ्या वाजवल्या आणि लगेच ओशाळून हात मागे घेतले. सॉ ग्युक डोळे पुसत हसत होती. "हावरी मेली. आधी भाव खाल्लान, मग कुए."

मग जेवणं झाली. तो कुए तिने बून तैकच्या ताटात ठेवला.

"हा मी खाऊ? अगं, माझी कवळी तुटेल!"

"खा मुकाट्याने. अशाच एका दगडाने तुला जन्म दिलाय."

बून तैकने कुए उचलून हातात घेतला. मग त्याने तो अख्खा संपवला, कवळी सावरली, आणि वाय फोंगकडे आणखी एक मागितला.