लस कोणाच्या सांगण्यावरून घेतली?

माझ्या थोरल्या नणंदेने लसीबद्दल खोदून खोदून विचारलं नाही असा माणूस जालना जिल्ह्यात दाखवायचा झाला, तर तो बाहेरून आणावा लागेल. आणि तोही बसमधून उतरता उतरता त्यांच्या तावडीत सापडणार नाही याची खात्री मी देत नाही. त्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. घरात आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. मला बघायला आल्या तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून म्हणाल्या, "तुमच्या गावची ग्रामसभा खरंच भरती, का नुसत्या सह्या घेत्यात?" माझ्या वडलांना जोराचा ठसका लागला. ते तेव्हा उपसरपंच होते.

आक्कांच्या मते राज्यशास्त्र दिल्लीत नसतंच. ते पाण्याच्या टँकरपाशी, रेशनच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत असतं. पंगतीत जिलबी आधी कोणाच्या पानावर पडते हे त्या इतक्या बारकाईने बघतात की त्यांच्या स्वतःच्या पानावरचा भात गार होतो. करोनानंतर मात्र या सगळ्या कुतूहलाला एकच विषय सापडला. सरकारने लस गावात आणली, तर काही गावांनी ती मुकाट घेतली आणि काही गावं कपाशीत जाऊन का लपली? यावर त्यांनी पीएचडी करायला घेतली, पन्नाशी जवळ आलेली असताना. "सुई सरकारची असती, दंड माणसाचा असतो," त्या वर्गात सांगायच्या, "ह्या दोन्हीच्या मधी जे काही घडतं ना, त्याला राज्यशास्त्र म्हणतात."

एकदा घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये मी त्यांच्यासोबत होते. जीप म्हणजे वडाप, माणसावर माणूस. आक्कांनी सुरुवात शेजारच्या आजींपासून केली. लस घेतली का? कोणाच्या सांगण्यावरून? सरपंचाच्या, का नर्सबाईच्या, का सुनेच्या? आजींना आयुष्यात इतक्या आस्थेने कोणी काही विचारलं नसावं. त्या रंगल्या. मग मागच्या बाकावरचे दोघं आपणहून बोलायला लागले, एकाने तर लस घेतल्यावर आपली गुडघेदुखी कशी गेली तेही सांगितलं. शेवटी ड्रायव्हरनेच गाडी थांबवून मागे वळून हात जोडले. "म्याडम, त्या आजीचं गाव कव्हाच मागं गेलं! आन् मीबी तुमचंच ऐकत ऐकत आलो." आक्कांनी उतरून, समोरून येणारी जीप अडवून आजींना बसवून दिलं. बसवताना राहिलेला एक प्रश्न विचारून घेतला, तो भाग वेगळा.

पण त्यांचं काम नुसतं चौकशीचं नव्हतं. शेजारशेजारची दोन गावं त्यांनी धरली होती. पीक तेच, रस्ता तोच, नर्सबाईसुद्धा एकच. पहिल्या गावात दवंडी फिरली की लस नाही तर रेशन नाही. माणसं सकाळीच घरांना कुलपं लावून शेतात गेली. दुसऱ्या गावातल्या सरपंचबाईंनी चौकातल्या चहाच्या टपरीसमोर खुर्ची टाकली, सगळ्यांसमक्ष लस टोचून घेतली आणि दिवसभर तिथंच बसून राहिल्या. "बघा, जित्ती हाय का न्हाई!" संध्याकाळपर्यंत अर्धं गाव रांगेत. हे सांगताना आक्कांचे डोळे चमकायचे. धाकाने माणूस हजर होतो, विश्वास टाकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते त्या इतक्या ठिकाणी, इतक्या मोठ्या आवाजात मांडायच्या की आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही ते पाठ झालं होतं.

आणि या आक्कांच्या स्वतःच्या वडलांनी लस घेतलेली नव्हती.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात एकटेच राहायचे. सासूबाई दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यांचं वय लसीत बसत होतं, त्या हौसेनं नवं लुगडं नेसून केंद्रावर गेल्याही होत्या. पण त्या दिवशी साठा संपला होता, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. त्या आठवड्यातच ताप आला. पुढं लस गावोगाव मिळू लागली, तरी आबा हलले नाहीत. माझ्या नवऱ्याने विनवून पाहिलं, गावच्या आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या. आबा म्हणायचे, "बघू." अख्ख्या तालुक्याला प्रश्न विचारणाऱ्या आक्का बापाला मात्र कधी काही विचारत नव्हत्या. आम्हाला नवल वाटायचं. आता वाटतं, त्यांना उत्तर ऐकायची भीती होती.

एका रविवारी दुपारी आम्ही गावी गेलो. आबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. आक्का त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि मोबाइल मधे ठेवला.

"आबा, मुलाखत घ्यायची हाय. तुमची संमती हाय का?"

"बापाला संमती इचारून राह्यली का?"

"नियम हाय."

"मंग हाय बाबा. इचार."

आक्कांनी आवाज वर्गातल्यासारखा केला. "तुम्ही लस का न्हाई घेतली? अफवा ऐकल्या? सुईची भीती वाटती? का सरकारवर भरवसा न्हाई?"

आबांनी हातातली शेंग फोडली, दाणे माझ्यापुढं केले. मग म्हणाले, "भरवसा बिलकुल हाय. पण तुझी माय नवं लुगडं नेसून गेल्ती. तिला भेटली न्हाई. तिच्यामागून मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

आक्कांकडे प्रत्येक उत्तरासाठी एक खण होता. हे उत्तर कुठल्याच खणात बसेना. त्यांनी मोबाइल उचलून बंद केला. बराच वेळ त्याही शेंगा फोडत राहिल्या. मग एकदम लहान पोरीसारख्या म्हणाल्या, "आबा, माय गेली. तुम्ही तरी राहा ना. मला कोण हाय मंग?"

त्या रात्री आम्ही गावीच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे राहिले. "चल, जल्दी. ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ." सुई टोचून झाली तरी ते खुर्चीवरून उठेनात. "झालं?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं. झालं म्हटल्यावर दंडाकडे बघत राहिले. "एवढीशी तर हाय," म्हणाले. परतीच्या वाटेवरही मधूनच तेवढंच म्हणत होते. आक्का त्यांचा हात धरून चालत होत्या, आणि मला आठवतंय, तेवढ्या वाटेत भेटलेल्या एकाही माणसाला त्यांनी काही विचारलं नाही.

पुढं यथावकाश प्रबंध झाला, विद्यापीठात आक्कांची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून आबा स्वच्छ धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी अशी मान डोलावली की बाहेरून आलेले परीक्षक शेवटी त्यांच्याकडेच बघून बोलायला लागले. आक्का पदवीला लायक असल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

बाहेर आल्यावर आबा जरा खट्टू दिसले.

"समद्यांचं सांगितलंस. त्या सरपंचबाईचं, रेशनचं, जीपवाल्याचंबी. माझं न्हाई सांगितलं."

"तुमचं नव्हतंच घातलं, आबा," आक्का म्हणाल्या. "आन् तसंबी नाव कोणाचंच घेत न्हाईत."

आबा थोडं चालले. मग थांबून म्हणाले, "माझं नगं घेऊ. तिचं घ्यायचं होतं."

आक्कांनी हातातला पेढ्यांचा पुडा माझ्याकडे दिला आणि विद्यापीठाच्या त्या मोठ्या आवारात, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांदेखत, आबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग त्यांनी सासूबाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. वर्गात हजेरी घेताना घेतात तसं, स्पष्ट.

आणि आबा हळूच म्हणाले, "हजर."