न झालेलं भांडण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. कथालेखनाच्या शिबिरांत मी तासन्‌तास बोलते, तिथे तर नाहीच. आता लपवायचाही कंटाळा आलाय — म्हणून तुम्हाला सांगते.

गोव्यात, डिचोलीला आमच्या शेजारी सुलभा राहायची. सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आलेली. तिचा नवरा दत्ताराम खाणीवर ट्रक चालवायचा. एका सकाळी उतारावर ट्रक उलटला आणि तो गेला. त्यानंतर सुलभा माझ्याकडे येऊन बसायची, पुन्हा पुन्हा तीच सकाळ सांगायची. चहात पाव बुडवून खाल्ला, जाताना हसून काहीतरी म्हणाला, निघाला. बस्स — इतकंच.

मी त्यावर कथा लिहायला घेतली. तिला विचारून? नाही. पण कथा काही केल्या हलेना. भला नवरा, भली बायको आणि मधेच अपघात. वाचणारा हळहळेल, पण पान उलटेल का? मग कथेतल्या त्या सकाळी मी एक भांडण घातलं. छोटंसंच. पण असं भांडणारी बाई मुळात कशी असेल? — म्हणून तिला तिखट जीभ दिली, संशय दिला. तशी ती झाल्यावर पुढचं तिनंच ठरवलं. ‘परत तोंड दाखवू नकोस’ हे मला सुचलं नाही, ते तिच्याच तोंडून आलं. आणि ते डोक्यात घोळवत निघालेल्या नवऱ्याचा पाय उतारावर ब्रेकवर उशिरा पडला. घटनेनं बाई घडवली, बाईनं घटना. छान जमलं होतं — आजही वाटतं, काय करू?

नावं तेवढी बदलली. कथा दिवाळी अंकात आली, अंक गावभर फिरला. कुणाला ओळखू येणार नव्हतं? एका दुपारी सुलभाची सासू माझ्याकडे आली, आम्ही शेजारी तिला काकी म्हणायचो. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

“खरां सांग गो बाय, त्या दिवशी ती त्याच्याशी झगडलेली?”

एक ‘नाही’ पुरलं असतं. पण तेव्हा लोक माझं कौतुक करत होते ते ‘किती खरं लिहिलंय’ म्हणून. ते सगळं मी रचलंय, हे कसं सांगायचं? मी म्हणाले, “काकी, असल्या गोष्टी मी कशा बोलू?” — त्याचा अर्थ ती काय घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या घरात मग सुलभाशी कुणी बोलेना. ती हरमलला भावाकडे निघून गेली, तिथे पर्यटकांच्या खोल्या झाडू लागली. जाण्याआधी माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाली, “तुला मी सगळं सांगितलेलं गो.”

“कथेतली ती तू नव्हेस,” मी म्हटलं. खोटं होतं का? अर्धं. त्या अर्ध्यावर मी इतकी वर्षं काढली.

गेल्या वर्षी काकी वारली. सुलभा बाराव्याला आली आणि बाहेर पायरीवरच बसून राहिली. आतून तिला कुणी हाक मारली नाही. मी आत होते. मी एक शब्द बोलले असते, तर त्या घरानं ऐकलं असतं. पंगत बसली होती. मी वाढत राहिले.